हिरव्या उजेडाची वाट पाहताना

‘डॉक्टर, विमानप्रवास झेपेल ना मला?’ परदेशी सहलीला निघालेले ज्येष्ठ रुग्ण ओपीडीत येऊन हमखास हाच प्रश्न विचारतात. सरकारी रुग्णालयात असे प्रवासी फार नसतात, पण निवृत्त शिक्षक, कर्मचारी मंडळी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला येतात. पूर्वी ते चारधामसाठी यायचे, मग सिंगापूर आणि युरोपसाठी येऊ लागले. अलीकडे त्यात ‘नॉर्दर्न लाइट्स’ची भर पडली आहे. मुलं-सुना तिकिटं काढतात आणि आई-बाबा गोळ्यांची यादी घेऊन माझ्यासमोर बसतात. मी त्यांना ठरलेलं सांगायचे : विमानात पाय हलवत राहा, पाणी पीत राहा, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

जानेवारीत मी स्वतः अशा सहलीला जाऊन आले आणि कळलं, की विमान हा त्यातला सर्वात सोपा भाग आहे. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : रात्री बारा वाजता, उणे वीस अंशांत, बर्फावर दोन-तीन तास नुसतं उभं राहता येईल का? सहलीच्या माहितीपत्रकात हिरव्या पडद्यांचे फोटो असतात. त्या फोटोच्या आधी किती तास वाट पाहावी लागली, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मी गेले ती वन्संमुळे. माझ्या मोठ्या नणंदबाई ६८ वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, दर वर्षी फळ्यावर ध्रुवीय प्रकाशाची आकृती काढली आणि तो प्रकाश एकदाही पाहिला नाही. वीस वर्षांचा मधुमेह, रात्री इन्सुलिन, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की मी डॉक्टर म्हणून ‘नाही’ म्हणावं. खरं सांगते, माझ्याही तोंडात तेच आलं होतं. आम्हा डॉक्टरांना ‘नका जाऊ’ म्हणणं फार सोपं असतं, त्यात आमचं काही जात नाही. मग मी त्यांची टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता त्या चढल्या. पाय तपासले तेव्हा मात्र तळव्यांना आणि बोटांना स्पर्श नीट कळत नव्हता. ते मी कागदावर लिहून ठेवलं. पुढे त्याचाच संबंध आला.

आम्ही गेलो नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या गावी. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवर हे शहर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. काळाकुट्ट अंधार मात्र चोवीस तास नसतो. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश असतो, त्यात लोक मुलांना बाबागाडीत घालून फिरायला निघतात. आणखी एक गंमत म्हणजे, समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे गावातली थंडी तुम्हाला वाटते तेवढी नसते. जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास. त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्या गटातले काहीजण ‘एवढंच?’ म्हणाले आणि सुती जीन्स घालून हिंडले. पण समुद्र जवळ म्हणजे ढगही जवळ. ट्रॉम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे सूर्य फार खवळलेला नसला तरी तिथे उजेड दिसू शकतो; खरी अडचण ढगांची. म्हणून वाटाडे रोज संध्याकाळी उपग्रहाची चित्रं पाहतात आणि मिनीबस घेऊन निरभ्र आकाशाच्या शोधात निघतात, बहुतेकदा फिनलंडच्या सीमेच्या दिशेने. तिकडे ढग कमी असतात आणि थंडी उणे वीसच्या खाली उतरते. गावातली थंडी बघून कपडे घातलेले फसतात ते इथे.

पहिली रात्र ढगांत गेली. बसमध्ये बसून बसून वन्संचा शिक्षकी बाणा जागा झाला. आमची वाटाडी, पंचविशीतली नॉर्वेजियन मुलगी, विचारत होती की भारतात हा उजेड दिसतो का. वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, तिला कुलाब्याचं सांगा.’ मला कुलाब्याचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनीच सांगितलं आणि मी इंग्रजी केलं. १८५९च्या सप्टेंबरमध्ये आजवरच्या नोंदींतलं सर्वात मोठ्यांपैकी एक सौर वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या उपकरणांनी चुंबकीय क्षेत्रातली प्रचंड घसरण टिपली. आजही शास्त्रज्ञ त्या वादळाचा अभ्यास करताना कुलाब्याचे आकडे वापरतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. वन्सं दर वर्षी शाळेची सहल तिथे न्यायच्या. आणि मे २०२४च्या वादळात लडाखमधल्या हानले इथे कॅमेऱ्यांनी आकाशात लाल छटा टिपली होती, हेही त्यांनी जोडलं. वाटाडीने मान डोलावली आणि आपल्या पाकिटातून दोनशे क्रोनरची एक जुनी नोट काढली. तिच्यावर क्रिस्टियान बिर्केलँड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाचं चित्र होतं.

हा माणूस मला आवडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हवा काढून घेतलेल्या पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटवून दाखवली. सूर्यावरून निघालेल्या विद्युतभारित कणांशी ध्रुवीय प्रकाशाचं नातं आहे, हे त्याचं म्हणणं अनेकांनी उडवून लावलं. आकाशात ज्या विद्युतप्रवाहांची त्याने कल्पना केली होती, ते उपग्रहांना सापडले तेव्हा त्याला जाऊन अर्धशतक लोटलं होतं. सोप्या भाषेत असं : सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा साठते, तिथले इलेक्ट्रॉन वेगाने ध्रुवांकडे उतरतात आणि शंभर किलोमीटर किंवा त्याहून उंचीवर विरळ हवेतल्या अणू-रेणूंना धडकतात. ऑक्सिजनचा अणू ती ऊर्जा हिरव्या उजेडाच्या रूपात टाकून देतो. त्याहून बराच वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन लाल उजेड देतो. खालच्या काठाला गुलाबी-जांभळी किनार दिसते ती नायट्रोजनची.

बिर्केलँडचा शेवट आम्हा डॉक्टरांना विचारात पाडणारा आहे. त्याला झोप येत नसे, तो व्हेरोनाल नावाचं औषध घेत असे, आणि १९१७ मध्ये टोकियोत त्याच औषधाच्या अतिमात्रेने तो गेला. मी हे इथे सांगते कारण आमच्या गटातही तिसऱ्या दिवशी झोपेच्या गोळीची मागणी झाली. भारत आणि नॉर्वे यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, दिवसा सूर्य नाही, रात्री दोनला हॉटेलवर परत. झोपेचा बोजवारा उडणारच. गोळीची गुंगी अंगात ठेवून बर्फावर चालायचं, म्हणजे कंबरेचं हाड मोडून घ्यायचं. मी कुणालाही दिली नाही. दुपारच्या निळ्या उजेडात तासभर फिरा आणि संध्याकाळी निघण्याआधी थोडं पडा, एवढंच सांगितलं.

आता उभं राहण्याबद्दल. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता निर्माण करतो, घरात पूर्वी असायच्या त्या पिवळ्या बल्बएवढी. भरभर चालताना ती तिप्पट-चौपट होते. म्हणून ट्रेकला जाणाऱ्याला उणे दहातही घाम फुटतो आणि आकाशाकडे बघत उभा असलेला पर्यटक तेवढ्याच थंडीत गारठतो. त्यात वारा असेल तर हिशेब बिघडतो. उणे दहा तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. शरीर अशा वेळी एकच करतं : हातापायांच्या, नाका-कानांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत, हृदय आणि मेंदूकडे वळवतं. तरुणाला याने फक्त बोटं गार पडतात. साठीच्या पुढे रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि ज्याच्या हृदयाच्या धमन्यांत आधीच अडथळा आहे त्याच्या छातीत दुखू शकतं. थंड हवा थेट आत ओढली तर दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. नाका-तोंडावर मफलर घ्या असं मी सांगते ते याचसाठी. मफलरमधून हवा थोडी ऊब आणि ओलावा घेऊन आत जाते.

वय झालेल्यांचं आणखी एक आहे. त्यांना थंडी उशिरा कळते आणि कुडकुडणंही कमी असतं. कुडकुडणारा माणूस निदान ऊब तयार करत असतो. जो थरथरत होता आणि अचानक शांत झाला, ज्याचं बोलणं अडखळतंय, ज्याला हातमोज्याची चेन लावता येत नाहीये, त्याला ताबडतोब गाडीत घ्यायचं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागल्याची ही लक्षणं असू शकतात. आणि ‘एक पेग मारला की गरम वाटतं’ हे वाटणं खोटं आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली ऊब बाहेर निघून जाते.

बायकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. थंडीत लघवी जास्त होते, तिथे रानात स्वच्छतागृह नसतं, म्हणून आमच्या गटातल्या बायका दुपारपासून पाणीच पीत नव्हत्या. त्यातल्या दोघींना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू होती. पाणी तोडल्याने चक्कर येते, आणि चक्कर बर्फावर आली तर काय होतं ते सांगायला नको. वाटाडी वाटेत पेट्रोलपंपावर गाडी थांबवते. आधी सांगून ठेवलं की लाज वाटत नाही.

दुसऱ्या रात्री आकाश अर्धं मोकळं होतं आणि थंडी उणे एकवीस. वाटाडीने शेकोटी पेटवली, रेनडिअरची कातडी पसरलेले बाक मांडले, गरम सूप दिलं. वन्संना रात्री दहाला इन्सुलिन घ्यायचं होतं, म्हणून पेन मी बरोबर घेतलं होतं. आणि डॉक्टर असून मी काय केलं? पेन पर्समध्ये, पर्स बाकावर, आणि आम्ही दोघी दोन तास आकाशाकडे तोंड करून. आठवण झाली तेव्हा पेनातलं औषध गोठलं होतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं की दिसायला कधीकधी अगदी पहिल्यासारखं दिसतं, पण त्याचा भरवसा नाही. ते टाकूनच द्यायचं. दुसरं पेन हॉटेलच्या खोलीत होतं म्हणून निभावलं. त्या रात्री डोस अडीच वाजता दिला. विमानात इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये, आणि बाहेर फिरताना ते शरीराला लागून, आतल्या खिशात असावं, हे मी रुग्णांना शंभरदा सांगितलेलं आहे. ग्लुकोमीटर, दम्याचा पंप, जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी यांनाही हेच लागू. ग्लुकोमीटर गारठला की चालत नाही किंवा चुकीचा आकडा दाखवतो.

हॉटेलवर आल्यावर मी त्यांचे पायमोजे काढले. डाव्या पायाची करंगळी मेणासारखी पांढरी होती. त्यांना काहीही जाणवत नव्हतं. ‘पाय छान आहेत, थंडी वाजलीच नाही,’ असं त्या वाटेत तीनदा म्हणाल्या होत्या. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाचं हे वाक्य मी वाटेतच पकडायला हवं होतं. बोटाला टोचल्यावर कळणारी वेदना म्हणजे सूचना असते, ती सूचनाच त्यांच्याकडे येत नव्हती. त्यात थंडी वाजेल म्हणून त्यांनी दोन जाड पायमोजे चढवून बूट घट्ट केले होते. घट्ट बुटाने रक्त आणखी अडतं. एकच लोकरीचा मोजा आणि बोटं हलतील एवढा सैल बूट जास्त उबदार असतो.

मी ते बोट चोळलं नाही, हीटरसमोरही धरलं नाही. चोळल्याने गारठलेली कातडी आणखी फाटते, आणि ज्या पायाला स्पर्श कळत नाही त्याला भाजलेलंही कळत नाही. शेकोटीजवळ पाय शेकताना किंवा गरम पुड्या थेट कातडीला चिकटवून झालेल्या जखमा अशाच होतात. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, पाय बुडवले. पाण्याची ऊब माझ्या कोपराने पाहिली, त्यांच्या पायाने नाही. वीस मिनिटांत करंगळी गुलाबी झाली. फोड आले नाहीत, कातडी मऊ राहिली, म्हणजे वरवरच्या इजेवर भागलं. फोड आले असते, बोट कडक किंवा काळपट झालं असतं तर मी तिथल्या रात्रीच्या डॉक्टर सेवेला फोन केला असता. नॉर्वेत तो क्रमांक ११६११७ आहे, आणि जिवावरच्या प्रसंगासाठी ११३. विमा काढताना आपले जुने आजार लपवू नका असं मी सांगते, ते असे फोन करायची वेळ आली तर.

शेवटची रात्र उरली होती. वन्संनी विचारलं, ‘वहिनी, मी आज येऊ नको का?’ त्यांचा आवाज अगदी शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. एकदा गारठलेली कातडी पुन्हा लवकर गारठते, हे मला माहीत होतं. मी वाटाडीशी बोलले. ठरलं असं, की वन्सं हीटर चालू असलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसतील आणि उजेड आला की दहा मिनिटांसाठी बाहेर येतील. पण त्यात एक मेख होती : गाडीतले दिवे.

आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशींना रंग कळतो, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी अगदी मंद उजेड टिपतात, पण त्यांना रंगाची जाण नाही. उजेडातून अंधारात आल्यावर दंडाकार पेशींना पूर्ण तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, वय झालं की त्याहून जास्त. मोबाइलचा पांढरा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला की ही तयारी बऱ्याच अंशी पाण्यात. लाल उजेड मात्र या पेशींना फारसा जाणवत नाही. वाटाडीने गाडीतले दिवे बंद करून एक छोटा लाल दिवा ठेवला आणि वन्संचा मोबाइल मी काढून घेतला.

साडेअकराला डोंगराच्या वर एक पांढरट पट्टा दिसला. ‘ढग आला,’ कुणीतरी म्हणालं. एकाने मोबाइल वर धरला, चार सेकंदांनी फोटो आला, त्यात तो पट्टा हिरवागार. गटात कुरबुर सुरू झाली : एवढे पैसे भरून हा धूर? यात फसवणूक कुणाची नाही. कॅमेरा चार-पाच सेकंदांचा उजेड साठवतो, डोळा तसा साठवू शकत नाही. उजेड मंद असेल तेव्हा फक्त दंडाकार पेशी काम करत असतात, म्हणून मंद ध्रुवीय प्रकाश बहुतेकांना राखाडीच दिसतो. मी सगळ्यांना नजर थोडी बाजूला ठेवून पाहायला सांगितलं. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडाकार पेशी नसतातच, त्यामुळे मंद वस्तू तिच्या जरा शेजारी पाहिलं की ठळक होते.

मग तो पट्टा हलला. मी गाडीकडे हाक मारली. वन्सं माझा हात धरून, बुटांना लावलेले खिळ्यांचे पट्टे बर्फात रोवत, पेंग्विनसारखी छोटी पावलं टाकत आल्या. तोवर उजेड इतका वाढला होता की रंग कळायला लागला. आधी फिकट हिरवा, मग डोक्यावर सरसरत जाणारी घडी आणि तिच्या खालच्या काठाला गुलाबी किनार. सामी लोक मुलांना सांगायचे की या उजेडाखाली शीळ घालू नका, तो तुम्हाला उचलून नेईल. वाटाडीने हे सांगितलं आणि आमच्यातल्या एका काकांनी हटकून शीळ घातली. नऊ मिनिटं मी घड्याळ लावून मोजली. दहाव्या मिनिटाला मी ‘चला’ म्हणाले आणि वन्सं एक शब्द न बोलता गाडीकडे वळल्या.

परत आल्यावर जे विचारतात त्यांना मी आता विमानाचं नंतर सांगते. आधी दोन मजले चढायला लावते, पाय उघडे करून बघते, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते. बीटा ब्लॉकर असेल तर हातपाय आधीच गार पडतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांना, जिना चढताना छातीत दुखणाऱ्यांना, पायाला न भरलेली जखम असणाऱ्यांना, दमा आटोक्यात नसणाऱ्यांना मी यंदा नको म्हणते. बाकीच्यांना वयामुळे थांबवत नाही. बूट सैल, मोजा एक, अंगाला लागून सुती बनियन नको तर लोकरीचा थर, औषधं आतल्या खिशात, आणि रोज रात्री झोपण्याआधी दिव्याखाली पाय बघायचे. मधुमेही असतील तर दुसऱ्याने बघायचे.

वन्संच्या करंगळीची कातडी आठवड्याने सोलली आणि खाली नवी आली. परवा नातवाने त्यांना गटातल्या कुणीतरी पाठवलेला फोटो दाखवला आणि म्हणाला, ‘आजी, हे तर हिरवं आहे. तू पहिल्यांदा पांढरं दिसलं म्हणालीस.’ वन्संनी चष्मा पुसला, कागद मागितला आणि दृष्टिपटलाची आकृती काढायला बसल्या.